भोक दिसतंय, स्क्रू दिसत न्हाई

आक्का,

परवा तुझा जलदान विधी झाला. विहारात जागा पुरली नाही, बाहेर मंडप टाकावा लागला. अर्ध्या ताडकळस गावानं कधी ना कधी परभणीला येऊन तुझ्या एक्स-रे मशीनसमोर श्वास रोखून धरलेला, त्यामुळं लोक येणारच होते. एका म्हातारीनं मला हाताला धरून विचारलं, "आता फोटो काढताना ‘हालू नगा, जीव न्हाई जायलाय तुमचा’ असं कोन म्हनंल रे?" मी हसलो. मग मंडपामागं गेलो आणि रडलो. चांगला दणकून रडलो. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, आधी नाक पूस, मग रड.

तू कधी शिकलीस, किती वर्षं एक्स-रेच्या खोलीत काढलीस, हे सगळं भाषणांत येऊन गेलं. ते मी परत लिहीत नाही. मला लिहायचंय एका फोटोबद्दल. ज्याच्यावरून आपण पाच वर्षं भांडलो आणि एकदाही पुरतं बोललो नाही तो फोटो. म्हणजे बोललो नाही तो मी. तू जे होतं ते बोललीस आणि त्याचीच शिक्षा भोगलीस.

पाच वर्षांपूर्वी आपल्या चुलत्याचा, नानांचा राहुल मोटारसायकलवरून घसरला आणि त्याच्या पायाचा घोटा मोडला. मी तेव्हा पुण्याच्या लॅबमध्ये होतो, आजही आहे, आणि अंगात विरघळणारे स्क्रू बनवण्याचं काम करत होतो. मग काय, मला स्फुरणच चढलं. नानांना फोन करून म्हणालो, इकडं आणा त्याला, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. लोखंडाचा स्क्रू टाकला की तो काढायला परत ऑपरेशन. आमचा स्क्रू हाड जुळेपर्यंत धरून ठेवतो आणि दोन-तीन सालांत आपोआप विरघळून जातो.

"म्हंजे साबनावानी?" नाना म्हणाले.

"हौ, साबणावानी. पण लय हळू."

नाना इतके खूश झाले की आठवडी बाजारात भाजी घेता घेता सगळ्यांना सांगत सुटले, आमच्या मिल्यानं बनवलेला स्क्रू हाय पोराच्या पायात. तो काही मी बनवलेला नव्हता, बाजारातलाच होता. पण मी दुरुस्ती केली नाही. ऐकायला गोड वाटत होतं.

एक गोष्ट मात्र मी नानांना सांगितली नाही, राहुलला नाही आणि तुलाही नाही. तो स्क्रू एक्स-रेमध्ये दिसत नाही. हाडात पाडलेलं भोक तेवढं दिसतं, काळं, रिकामं. मला हे इतकं ठाऊक होतं की सांगायचं सुचलंच नाही. आमच्या लॅबमध्ये हे कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांनाच माहीत असतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं म्हणे, इंग्रजीत, तिसऱ्या पानावर.

दीड महिन्यानं पहिला फोटो काढायला राहुलला तुझ्याकडंच आणलं. घरची पोरगी असताना दुसरीकडं कशाला जातील? तू फोटो काढलास आणि फिल्म उजेडाच्या पेटीवर लावलीस. नाना तुझ्या खांद्यावरून बघत होते. "स्क्रू कुठाय गं?" त्यांनी विचारलं. तू पाय फिरवून दुसरा फोटो काढलास. तिसरा काढलास. मग म्हणालीस, "नाना, भोक दिसतंय. स्क्रू दिसत न्हाई."

हाडांचे डॉक्टर त्या दिवशी सुट्टीवर. तू मला फोन लावलास. तीनदा. मी मीटिंगमध्ये होतो, फोन टेबलावर पालथा घातलेला. तू नानांना म्हणालीस, थांबा, मिलिंदला विचारू. पण नाना कसले थांबतात?

आपल्याकडं फोटोची फिल्म पाकिटात राहत नसते हे तुला काय सांगू. घरी पोचली की ती सूर्याकडं धरायची. घरचे बघणार, मग शेजारी, मग वाटेनं जाणारा. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही आपल्याकडं हाड वाचता येतं. त्या दिवशी सगळ्या गल्लीनं राहुलचा घोटा वाचला आणि निकाल दिला. पुण्याच्या डॉक्टरनं भोक पाडलं आन् स्क्रू टाकलाच न्हाई! दुसऱ्या दिवशी सकाळी राहुलला जीपमध्ये घालून जिंतूरकडच्या एका हाड बसवणाऱ्याकडं नेलं. आत काही नाहीच म्हटल्यावर दुसरं काय करतील बिचारे? त्या बाबानं पाय चोळला, ओढला, बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या. जुळत आलेलं हाड सरकलं. राहुलचा पाय वाकडा जुळला तो जुळलाच.

मी तुला फोन केला तो जिंतूरच्या त्या दिवशी संध्याकाळी. सगळं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "तो स्क्रू फोटोत दिसतच नसतो! तुला कळत नव्हतं तर गप बसायचं होतंस! तुझ्या एका वाक्यानं पोराचा पाय गेला!"

मागून कुणाचं तरी लेकरू रडत होतं, पेशंट असेल. मग म्हणालीस, "दिसत नव्हतं म्हून दिसत न्हाई म्हनले. दिसतंय म्हनू का मग?" आणि ठेवलास फोन.

"तुला माहीत होतं तर तू का सांगितलं न्हाईस?" हे तू विचारलं नाहीस. तेव्हा नाही, नंतर कधीच नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं गं. चांगलं लांबलचक, स्वतःला सोडवून घेणारं.

स्क्रू आतच होता एवढं मी नानांना सांगितलं, तो फोटोत दिसतच नसतो हे गिळलं. नानांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. घरच्याच पोरीनं घात केला म्हणाले, कारण तुझं ऐकून ते जिंतूरला गेले असंच त्यांनी मनात धरलं. राहुलच्या लग्नाचं तुला बोलावणं आलं नाही. मला आलं. मी गेलो, जेवलो, फोटोत उभा राहिलो. तू त्या रविवारी दुसऱ्याची ड्यूटी मागून घेतलीस, हे मला तुझ्या बरोबरीच्या बाईंनी परवा सांगितलं.

त्यानंतरच्या जयंतीला मी गावी आलो तेव्हा ओट्यावर लसूण सोलता सोलता तू म्हणालीस, "मिलिंद, तू दिसंल असा स्क्रू बनव की."

"विरघळून जायच्या गोष्टीला दिसायची काय गरज?" मी म्हणालो.

"त्याला गरज न्हाई. बघनाऱ्याला हाय. आत मोडला तर? सरकला तर? निम्मा गेला का सगळा गेला, हे तुझा डॉक्टर काय पायाला कान लावून ऐकनार हाय?"

अडलो की मी वाकड्यात शिरतो. संशोधन असं लसूण सोलत होत नसतं, म्हणालो मी. तू पाकळी तोंडात टाकलीस आणि म्हणालीस, "मग कसं होतंय ते तरी दाव." पुण्याला जाताना सगळ्या वाटेत मला तुझा राग आला होता. पुणं आलं तेव्हा कळलं की तू म्हणतेस ते बरोबर आहे आणि आमच्या लॅबमध्ये त्या कामाला कुणी हात लावलेला नाही.

मग सुरू झालं आपलं नळीपुराण! आठवलं की अजून हसू येतं. पोटाच्या फोटोआधी जे पांढरं औषध पाजतात ना, बेरियम, त्याची पूड मी स्क्रूच्या मालात मिसळून बघितली. नमुने घेऊन मी परभणीला यायचो, तू मटणवाल्याकडून बकऱ्याच्या नळ्या आणून ठेवायचीस, त्यात भोक पाडून आपण स्क्रू बसवायचो आणि डॉक्टरांना विचारून, दुपारी पेशंट संपले की, फोटो काढायचो. मटणवाला तुला म्हणाला होता, "बाजी, सूप लय आवडतं वाटतं घरात." तू हौ म्हणालीस. काय सांगणार त्याला?

पुण्यात आमच्याकडं लाखमोलाची मशीन आहे, तिथं बघू, असं मी म्हणायचो. तू ऐकायची नाहीस. "तुझ्या मशीनवर काय, मुंगीबी दिसंल. या जुन्या डबड्यावर दिसला तर पाथरीत दिसंल, जिंतुरात दिसंल. पेशंट तिथं हाय." पहिल्यांदा नुसत्या नळीत स्क्रू लख्ख दिसला तेव्हा मी नाचायचाच बाकी होतो. तू शिशाचा एप्रन न काढता म्हणालीस, "मानूस काय नुसत्या नळीचा असतोय का? मांसासकट आन." मांसासकट आणली तर स्क्रू गायब. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही.

पांढरेपणाची तुझी मापं मी लॅबच्या वहीत तशीच लिहिली आहेत. पाणी, ताक, दूध, खवा. स्क्रू हाडात बसतो आणि हाड फोटोत दुधासारखं दिसतं, म्हणून स्क्रू खवा दिसला पाहिजे, नाहीतर दुधात दूध. आमचे साहेब वही बघून विचारत, हे ताक काय आहे? मी सांगायचो, हे परभणीचं माप आहे, फार कडक आहे.

बेरियम जास्त घातलं की खवा दिसायचा, पण स्क्रू खडूसारखा मोडायचा. कमी घातलं की ताक. आणि तू भलताच प्रश्न काढलास. "स्क्रू विरघळंल, पन ही पूड कुठं जाईल रे? ती तशीच ऱ्हाईली आत तर फोटोत स्क्रू हायच असं दिसंल. म्हंजे आता असून दिसत न्हाई, मग नसून दिसंल. तेबी खोटंच." एवढं बोलून तू पुढच्या पेशंटला हाक मारलीस. मी तिथंच बाकावर बसून राहिलो. त्या प्रश्नानं माझं दोन सालांचं काम मोडीत काढलं, आणि बरं झालं काढलं. नंतर मी पूड मिसळायचं सोडलं. फोटोत तसंच पांढरं दिसणारं आयोडीन त्या मालालाच जोडून टाकलं, अगदी आतून, म्हणजे माल जितका विरघळेल तितकं आयोडीन त्याच्याबरोबर जाईल आणि लघवीवाटे बाहेर पडेल. दिसणं आणि असणं दोन्ही एकदमच कमी होत जाणार.

तो नमुना मांसासकट नळीत घालून फोटो काढला त्या दिवशी तू फिल्मपासून एक पाऊल मागं झालीस, चष्मा काढून पुसलास, परत घातलास. "खवा," म्हणालीस. एवढंच. मी तुला उचललं होतं आणि तू मला शिव्या घालत होतीस, पाठ मोडंल की येड्या!

पुढं ते स्क्रू बकऱ्यांच्या पायात बसवून बघितले. रीतसर, परवानग्या काढून. सहा महिन्यांनी फोटोत स्क्रू बारीक आणि फिकट झालेला, हाड भोवतीनं भरत आलेलं. आमच्या कामाला माणसांवरच्या चाचणीची परवानगी मिळाली. पहिली पाच-सहा माणसं घ्यायची आहेत. मी तुला फोनवर सांगितलं आणि म्हणालो, मोबाइलवर फोटो पाठवतो. "मोबाइलवर समदंच चांगलं दिसतंय. फिल्म घिऊन ये," म्हणालीस. मी शनिवारी येणार होतो. तू गुरुवारी सकाळी चहा पिता पिता गेलीस. छातीत कळ आली म्हणालीस आणि संपलं. फिल्म माझ्या बॅगेतच होती. तुझ्या घरी पोचलो तेव्हा ती बॅग कुठं ठेवावी मला कळेना. अंत्यविधी होईस्तोवर ती खांद्यालाच होती म्हणे, मग कुणीतरी काढून घेतली.

तर परवाचं सांगतो. नाना आले होते. मंडपात अगदी मागं, खांबाला टेकून बसलेले. राहुल शेजारी, पाय लांब करून. त्रिसरण पंचशील झालं, लोक उठून तुझ्याबद्दल बोलायला लागले. सगळे चांगलंच बोलले. मग आपल्या गल्लीतला एक जण उठला, तुझी तारीफ केली आणि शेवटी मोठ्या मनानं म्हणाला, "मानूस म्हनल्यावर एखादी चूक हुतीच. आपन ती इसरून जाऊ."

आक्का, मला तुझ्याइतकी सबुरी नाही. तो खाली बसायच्या आत मी उभा होतो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणालो, "कुठली चूक? आक्कानं एक चूक केलेली नाही. तो स्क्रू फोटोत दिसतच नाही. कुणाच्याच दिसत नाही. हे मला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी नानांना सांगितलं नाही, तिला सांगितलं नाही. तिनं फोन केला तो उचलला नाही. आणि वर तिलाच बोललो."

नाना उठले. मला वाटलं जातील निघून. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पाच साल," ते म्हणाले. "मिल्या, पाच साल तू माझ्या घरी जेवायलास. पोराच्या लग्नात पंगतीला बसलास माझ्या. आन् ती पोरगी माझ्या दारावरून मान खाली घालून जायलीय. तुझी जीभ झडली हुती का रे?"

नानांचा हात उठला होता. मारला असता तरी चाललं असतं. त्यांनी तो आपल्याच कपाळावर मारून घेतला. "आन् ती तरी का बोलली न्हाई मला?"

"मलाच बोलली होती," राहुल बसल्या जागेवरून म्हणाला.

आक्का, हे मला ठाऊक नव्हतं. नाना शेतात गेले की तू राहुलकडं जायचीस. त्याच्या पायाचे व्यायाम करून घ्यायचीस, पाच सालं. एकदा त्यानं तुला विचारलं, स्क्रू दिसत नसतोय हे मिलिंददाला आधीच माहीत असंल की? तू म्हणालीस, "असंल. पन त्याला बोललास तर याद राख. त्यो आता कामाला लागलाय. मन मोडलं तर सोडून दील, आन् तुझ्यावानी अजून धा जनांचे पाय जातील."

मला वाटायचं तुझ्या लक्षातच आलं नाही. केवढा शहाणा समजत होतो मी स्वतःला! तू सगळं जाणून होतीस आणि मला काम करू देत होतीस.

काल सकाळी नाना आणि राहुल तुझ्या घरी आले. बकऱ्याची फिल्म मागून घेतली, अंगणात बघितली. मग राहुल म्हणाला, "माझं नाव द्या तुमच्या चाचनीत. पाय परत सरळ करायचाच हाय तर ह्योच स्क्रू टाका." मी म्हणालो, घाई करू नको, ऑपरेशन आहे, काम नवीन आहे, डॉक्टर तपासतील, घेतील किंवा नाही घेणार. या वेळी मी एकही गोष्ट गाळली नाही. काय बिघडू शकतं ते सगळं सांगितलं. राहुलनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तरीबी द्या.

नाना अडले. "अगुदर कागद, मग नाव," म्हणाले. "मराठीत. मोठ्या अक्षरात. आमाला वाचता आला पायजे असा."

मी तुझ्या टेबलावर बसून लिहिला. "या पायात स्क्रू आहे. फोटोत तो पांढरा दिसेल. प्रत्येक फोटोत तो आधीपेक्षा फिकट दिसेल. शेवटी दिसणार नाही. तेव्हा तो विरघळलेला असेल, डॉक्टरांनी फसवलेलं नसेल. शंका आली तर कुठंही जाण्याआधी या नंबरावर फोन करा. फोन उचलला जाईल." नानांनी एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. मला म्हणाले, सही कर. केली. मग म्हणाले, "वर तिचंबी नाव टाक. तिनंच सांगितलंय म्हनायचं हे." मी तुझं नाव लिहिलं. सुजाता. मराठीत, मोठ्या अक्षरात. साहेबांशी बोललो आहे, चाचणीतल्या प्रत्येक माणसाला हाच कागद देणार आहोत.

तो लिहायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आक्का. तू मला कधी विचारलं नाहीस, म्हणून आता न विचारताच सांगतो. मला माहीत होतं गं. मी सांगितलं नाही. माफ कर.

तुझा,
मिलिंद